गुरुवारचा बिघाड

आमच्या घरात कॉम्प्युटर आला त्या दिवशी एक नियमही आला: दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. नियम नवऱ्याचा. हे चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तिथं मशीन बंद पडलं की ऑपरेटरने आधी ब्रेकडाउन स्लिप भरायची, मग यांनी हत्यारं घेऊन जायचं. स्लिपवर एखादा ऑपरेटर अक्कल पाजळून ‘मोटर जळाली’ असं लिहून मोकळा होतो, त्याचा यांना फार राग. मोटर जळाली का नाही ते मी बघीन, तू धूर दिसला का, वास आला का, आवाज कसला आला तेवढं लिही. हाच नियम दिघीतल्या आमच्या दोन खोल्यांना लागू झाला. तिथं ऑपरेटर मी एकटीच होते.

मी घरी बसून मराठी टायपिंगची कामं करते. अर्ज, लग्नाचे बायोडाटे, सोसायटीच्या नोटिसा, विहारातल्या कार्यक्रमांची पत्रकं, कुणाचा निरोप समारंभाचा लेख. टायपिंगच्या परीक्षा लग्नाआधीच झाल्या होत्या. माझं माहेर चाकणच्या पलीकडचं, आणि तिथं दुसरं शिकण्यासारखं काही नव्हतं. कॉम्प्युटर यांनी स्वतः जुळवून आणला, डबा एकीकडचा, स्क्रीन दुसरीकडची. तो बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. त्या खिडकीतून लष्कराच्या हद्दीतली झाडं दिसतात आणि दिवसभर कुणी फिरकत नाही.

स्लिप लिहायची वेळ का आली, तर आमची गाठच पडत नव्हती म्हणून. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक सेकंड, एक नाईट. फर्स्ट असली की मी उठायच्या आत बस गाठलेली. सेकंड असली की दुपारी डबा घेऊन निघायचे. नाईट असली की दिवसभर डोक्यावरून पांघरूण. कंपनीत आत मोबाइल न्यायला बंदी, तो गेटवरच्या लॉकरमध्ये, म्हणजे मधेच फोन करून ‘अहो, हे असं झालंय’ म्हणायचीही सोय नाही. आम्हाला मूल नाही. त्यासाठी जे करायचं ते करून झालं, रडूनही झालं. आता सांगते ते एवढ्यासाठी, की घरात तिसरा आवाज नव्हता हे लक्षात यावं.

तर स्लिप. यांनी एका वहीच्या पानांवर पट्टीने रेघा मारून दिल्या होत्या: वेळ, काय करत होते, काय दिसलं, मी काय केलं. मी लिहायची, ‘सकाळी अकरा. अर्ज टाइप करत होते. स्क्रीन काळी झाली. डब्यातल्या पंख्याचा आवाज येतो. स्क्रीनचा छोटा दिवा पिवळा आहे. मी काही केलं नाही, घाबरले.’ हे कामावर जायच्या आधी खाली लाल पेनने लिहून जायचे, ‘दिवा पिवळा म्हणजे स्क्रीनला लाईट आहे, चित्र पोचत नाही. मागची निळी केबल दाबून बघ. दोन्ही बाजूंनी.’ दोन्ही या शब्दाखाली दोन रेघा. ‘घाबरले’ वर काही शेरा नसायचा.

अशी मी शिकले. आधी वायरी, मग बाकी सगळं, आणि वायर तपासायची म्हणजे दोन्ही टोकांना. मग बंद करून मनात तीस मोजायचे, कारण आतली वीज उतरायला वेळ लागतो आणि बायकांना घाई असते. (हे यांचं मत. पुरुषांना घाई नसते असं ज्याला वाटतं त्याने शिफ्टची बस सुटताना बघावी.) स्क्रीनवर इंग्रजीत काही आलं तर घाबरून ओके दाबायचं नाही, आधी जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर तो ज्या दिशेनं जात होता त्याच दिशेनं हळू ओढायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं दुरुस्त झालं ते कळत नाही. आणि दर परिच्छेदाला सेव्ह. लाईट जायच्या आधी सांगत नाही.

खरा पाठ गुरुवारी व्हायचा. आमच्याकडच्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारची, आणि लाईनच्या दुरुस्तीसाठी लाईट जायची तीही गुरुवारीच. नवरा घरात असायचा नेमका त्याच सकाळी पंखा बंद आणि कॉम्प्युटर मुका. मी चिडायचे. हे म्हणायचे, बरंच की, बंद मशीन उघडायला सोपं. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून डबा आडवा करायचा. आत हात घालायच्या आधी त्या डब्याच्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. मी नायलॉनची साडी नेसून जवळ बसले तर हे मला लांब सरकवायचे, आणि मी पुन्हा जवळ सरकायचे. धूळ काढायला रंगाचा कोरा ब्रश. यांच्या एका मित्राने घरच्या कॉम्प्युटरचा डबा गुपचूप कंपनीत नेऊन त्यातली धूळ हवेच्या पाइपने उडवली होती. त्या जोराने पंख्याचं पातं मोडलं आणि हवेबरोबर आलेलं पाणी आत बसलं. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली आहे आणि विसाव्यांदाही यांना ती सांगताना तेवढंच हसू यायचं.

मशीनबद्दल बोलायला लागले की हे दुसरेच व्हायचे. एरवी जेवताना भाजीला काय कमी आहे तेही न सांगणारा माणूस, रॅमची पट्टी हातात धरून तिचे सोनेरी दात खोडरबरने कसे पुसायचे ते पाऊण तास सांगायचा. डबा सुरू करताना पीं-पीं ओरडला की समजायचं ही पट्टी सैल आहे किंवा मळली आहे, काढ, पूस, टक आवाज येईपर्यंत बसव. “टक ऐकू आलं का? न्हाई आलं तर बसली न्हाई ती.” यांच्या बोटांना कायम मशीन गार ठेवायच्या कूलंटचा वास यायचा, कितीही धुतली तरी. मला तो आवडायचा. हे मी कधी सांगितलेलं नाही.

वर्षभरात मला सगळं यायला लागलं. बिघाड आहेत किती? सात-आठ. तेच फिरून फिरून येतात. एका मंगळवारी प्रिंटर अडला. मी रांगेत अडकलेलं जुनं काम रद्द केलं, प्रिंटर बंद केला, तीस मोजले, चालू केला, आणि तो कुरकुर न करता छापायला लागला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. स्लिप भरली नाही, कशाला भरायची? गुरुवारी यांनी उठून तोंड धुतलं आणि विचारलं, “स्लिप हाय का काही?” मी ऐटीत म्हटलं, “नाही. सगळं चालू आहे.” हे “बरं” म्हणाले, चहा प्याले आणि चप्पल घालून मित्राच्या गॅरेजवर गेले ते जेवायच्या वेळेला आले.

तो गुरुवार मला फार लांब गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की माझ्या शहाणपणाने मीच माझं नुकसान केलं आहे. पुढच्या गुरुवारी स्लिप होती.

हे लिहिताना लाज वाटते, पण थोडं हसूही येतं, कारण या कामात मी फार तरबेज झाले. कोणत्या बिघाडाला नवरा किती वेळ बसतो याचं गणित मला पाठ झालं. सैल केबल म्हणजे पाच मिनिटं, त्यात काही राम नाही. मराठी टाइप होत नाही, दहा मिनिटं. पीं-पीं आवाज, पाऊण तास, शिवाय वर्तमानपत्र पसरून जमिनीवर बसायला मिळतं. पण सगळ्यांत उत्तम म्हणजे ‘हळू चालतो’. हळू चालतो याला आदि नाही, अंत नाही. नको असलेले प्रोग्रॅम काढा, डाउनलोडमध्ये साठलेल्या फाइली बघा, कचऱ्याची टोपली रिकामी करा, सुरू होताना आपोआप काय काय उघडतं ते बंद करा, आणि तरी वाटलं नाही तर मी म्हणायचे, “अजून जरा हळूच वाटतोय ना?” अशा रीतीने अख्खी दुपार निघायची. यांनी दिसलं तेच लिहायला शिकवलं होतं. मला एकटं वाटतंय, ते रकान्यात कुठं बसणार?

एकदा मी पकडली जाणार होते. शेजारच्या वहिनींचा प्रिंटर मी दुपारी जाऊन सुरू करून दिला होता. त्या जिन्यात यांना भेटल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या मिसेस हुशार हायेत बरं का, दोन मिनिटांत चालू केला.” त्याच गुरुवारी माझी स्लिप होती, प्रिंटर छापत नाही म्हणून. हे स्टूलवर बसले, प्रिंटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागले. मला वाटलं, सुटले.

मग ते दक्षिणेतल्या कामाचं निघालं. कंपनी दक्षिणेत, दुसऱ्या राज्यात, नवा कारखाना उभा करत होती आणि तिथली मशीनं बसवायला इथला एक जाणता माणूस दोन वर्षांसाठी हवा होता. यांना विचारलं होतं. परत आल्यावर इंजिनिअरची जागा. हे आयटीआय शिकलेले. बारा वर्षं यांच्या डोक्यावर डिप्लोमावाले येऊन बसत होते, मशीन अडलं की यांनाच हाक मारत होते आणि रिपोर्टवर स्वतःची सही करत होते. यांनी कधी कुरकूर केली नाही. पण त्या गुरुवारी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगताना यांच्या आवाजात काहीतरी होतं, ते मी लग्नातही ऐकलं नव्हतं.

“दोन वर्षं,” मी म्हटलं.

“वर्षातून दोनदा येता येतंय,” हे म्हणाले. “घर तू बघशील, त्याचं मला काही न्हाई. पण तुझं मशीन? काम बंद पडलं तर?”

आता हे बोलणंच वेडेपणाचं होतं. दिघी-भोसरीत गल्लोगल्ली कॉम्प्युटर दुरुस्त करणारे बसले आहेत. हे यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण मला टाकून जाताना काळजी नेमकी कशाची वाटते ते या माणसाला सांगता येत नव्हतं, आणि जाऊ नका हे मला म्हणता येत नव्हतं. म्हणून आम्ही दोघंही त्या डब्याबद्दलच बोलत राहिलो.

शेवटी यांनीच तोड काढली. कंपनीत नव्या टेक्निशियनच्या भरवशावर शिफ्ट सोडायची असेल तर आधी जुना माणूस मशीनमध्ये मुद्दाम बिघाड लावून ठेवतो. पाच बिघाड, अर्धा तास. पाचही काढले तरच शिफ्ट हातात. “येत्या गुरुवारी तुझी ट्रायल,” हे म्हणाले. “पाच काढलीस की मी निर्धास्त जातो.”

पास झाले तर नवरा दोन वर्षं लांब जाणार, नापास झाले तर घरी राहणार. इतकी सरळ परीक्षा मी जन्मात दिली नव्हती. त्या आठवड्यात यांनी माळ्यावरची बॅग खाली काढून पुसली. नव्या मशीनचं जाडजूड पुस्तक माझ्याच कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि शिफ्टवरून आल्यावर एक बोट ओळीवर ठेवून वाचत बसले. इंग्रजी शब्द अडला की मला विचारायचे. मी शेजारी बसून सांगायचे. त्या आठवड्यात काहीही बिघडलेलं नसताना आम्ही चार वेळा एकत्र बसलो, आणि यांना जायचं किती आहे ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

गुरुवारी लाईट गेली नाही. यांनी मला भाजी आणायला पिटाळलं. मी मेथी, वांगी, कोथिंबीर घेऊन अर्ध्या तासाने परत आले, तर हे कॉटवर मांडी घालून, हातात घड्याळ घेऊन बसलेले, चेहरा एकदम साहेबाचा. “कर सुरू,” म्हणाले.

डबा पीं-पीं ओरडला. लोखंडाला हात लावला, रॅम काढली, पुसली, टक करून बसवली. एक. स्क्रीन काळी, दिवा पिवळा, केबल मागून सैल. दोन. टाइप करायला गेले तर मराठी की-बोर्ड यादीतूनच गायब. सेटिंगमध्ये जाऊन परत घेतला. तीन. छापायला दिलं तर कागद येईना, कारण यांनी प्रिंटरची निवड बदलून कागदाऐवजी नुसती फाइल बनेल असं करून ठेवलं होतं. चार. घड्याळात दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. हे पुढं झुकले होते. यांच्या चेहऱ्यावरचं साहेबपण गळून पडलं होतं आणि तिथं सरळ कौतुक आलं होतं.

पाचवा बिघाड मला दारातूनच दिसला होता. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यावर चार हिरवे दिवे असतात, त्यातले तीनच लागले होते. भिंतीतून येणारी वायर अर्धा बोटभर बाहेर ओढलेली. लहान पोरालाही दिसेल इतकं सोपं. यांनी तो सोपा ठेवला होता, मी पास व्हावं म्हणून.

मी त्या डब्याकडं पाठ केली. ब्राउझर बंद केला, उघडला. कॉम्प्युटर बंद केला, तीस मोजले, चालू केला. सेटिंग उघडून नुसती बघत बसले. मला वीस मिनिटं काढायची होती आणि ती जाता जाईनात. आधी वायरी, हा पहिला धडा. गिरवून गिरवून घेतलेला. तो सोडून मी बाकी सगळं केलं. अर्धा तास संपला. मी म्हटलं, “नाही सापडत हो.”

हे उठले, भिंतीपाशी गेले, एका बोटाने वायर आत दाबली. टक. चौथा दिवा लागला. “वायरी आधी, म्हणलो व्हतो,” हे म्हणाले. रागाने नाही. मग पाठमोरेच म्हणाले, “अजून कच्ची हायेस तू.” दुसऱ्या दिवशी कंपनीत नाही म्हणून सांगितलं. बॅग परत माळ्यावर गेली.

मी त्या आठवड्यात पुरण घातलं. सण नव्हता, काही नव्हतं. खरंच सांगते, मला इतका आनंद झाला होता की कामाची पानंच्या पानं मी गाणं म्हणत टाइप केली. यांच्या जागी यांच्याच हाताखालचा एक टेक्निशियन गेला. दोन वर्षांनी तो इंजिनिअर होऊन परत आला आणि आता यांच्या ओव्हरटाइमच्या कागदावर त्याची सही लागते. भला माणूस आहे, यांना अजून दादा म्हणतो. घरी हे त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पण मशीनच्या गोष्टी हळूहळू बंद झाल्या. हवेच्या पाइपची गोष्ट मी मुद्दाम काढली, तर हे म्हणाले, “सांगितलीये की ती.” स्लिपवरचा लाल पेनचा मजकूर आखूड होत गेला. शेवटी शेवटी नुसतं ‘गुरुवारी बघतो’ एवढंच. गुरुवारी बघायचेही. शेजारी बसायचे, हात चालायचे, तोंड मिटलेलं. मी नवरा ठेवून घेतला होता, आणि ज्या माणसासाठी एवढा खटाटोप केला तो मात्र कुठंतरी निघून गेला होता. त्याची मला भयंकर आठवण यायची. तो माझ्या शेजारीच बसलेला असायचा आणि मला त्याची आठवण यायची.

यंदाची गोष्ट. यांची सेकंड शिफ्ट होती. हे जेवून बुटाच्या नाड्या बांधत बसले होते. एक बाई दारात घाईने आल्या, मुलाच्या प्रवेशाचा फॉर्म तासाभरात भरायचा होता. मी बसले, तर इंटरनेट नाही. मी मान वर केली, दिवे तीन. उठून भिंतीतली वायर दाबली, चौथा लागला, परत येऊन बसले. सगळं मिळून पाच सेकंद. मग माझ्या लक्षात आलं की हे बघतायत.

त्या बाईंचा फॉर्म मी भरला. काय भरला ते देव जाणे. त्या आभार मानून गेल्या. हे अजून दारातल्या स्टूलवरच होते, एक नाडी बांधलेली, एक सुटी.

“अहो,” मी म्हटलं, “मला ते येत होतं.”

“माहीत हाय.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. भाजी घेऊन आलीस अन् पहिली नजर त्या दिव्यावर टाकलीस. मग मुद्दाम पाठ फिरवून बसलीस.” हे नाडीकडं बघून बोलत होते. “त्याच्या आधीचं बी माहीत व्हतं. शेजारच्या वहिनी बोलल्या तवाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? मी जाऊ नये असं वाटत व्हतं तुला. त्यात काय बोलायचं.”

मला रडू यायला लागलं. वाईट याचं, की त्या रडण्यातही माझा स्वार्थ जागा होता. मला एकच उत्तर ऐकायचं होतं. ते एक मिळालं की मी सुटणार होते. मी विचारलं, “तुम्हालाही जायचं नव्हतंच ना तसं?”

यांनी दुसरी नाडी बांधली. डब्याची पिशवी उचलून खांद्याला लावली. बसची वेळ झाली होती.

“जायचं व्हतं की,” हे म्हणाले. मग दाराची कडी धरून, माझ्याकडं बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, “लई जायचं व्हतं.” आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर मी स्लिप लिहिलेली नाही. ती जागा भरली, पुन्हा कुणी विचारायचं नाही, हे मी यांच्या मागे लागून लागून विचारून घेतलं आहे. “सोड की आता,” म्हणतात, आणि खरंच सोडल्यासारखं बोलतात. काही बिघडलं तर मी यांच्यासमोरच दुरुस्त करते, कुणाला हाक मारत नाही. गुरुवारी लाईट आली की हे चहाचा कप घेऊन येतात, स्टूल ओढतात आणि माझ्या शेजारी बसतात. काही बिघडलेलं नसतं. मी टाइप करत असते, हे स्क्रीनकडं बघत असतात, मधेच एखाद्या शब्दावर बोट ठेवून “हे काय लिहिलंय?” म्हणून विचारतात. इतकी वर्षं मी खोटं बोलले ते एवढ्याच एका गोष्टीसाठी, की काहीही बिघडलेलं नसताना या माणसाने येऊन माझ्याजवळ बसावं. आता बसतात. आणि मला मान वळवून त्यांच्याकडं बघवत नाही.